मोटारीचा जागल्या



एखाद्या यंत्राची महती पुस्तक वाचून जितकी कळते, त्याहून अधिक ती त्या यंत्राच्या अभावीं झालेल्या हानीनें कळते. प्रस्तुत लेख लिहावयास मीं ज्या कारणानें घेतला, तें कारण प्रथम सांगतों. त्यांत माझा स्वतःचा दोष आहे. आणि आपला दोष सांगून मगच धडा द्यावा, हें शिक्षकास शोभतें.

आमच्या आळींत एक गृहस्थ राहतात. भाड्याची मोटार चालवून ते कुटुंबाचा चरितार्थ चालवितात. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांनीं कर्ज काढून एक जुनी मोटार विकत घेतली आणि बाजारांतून चोरीची सूचना देणारें एक यंत्र आणून तींत बसवून घेतलें. दिवाळीचे दिवस होते. फटाका उडाला कीं भोंगा वाजे. मांजर टपावरून गेलें कीं भोंगा वाजे. पहांटे दुधाची गाडी जवळून गेली तरीहि वाजे. तिसऱ्या रात्रीं माझा धीर सुटला. खिडकी उघडून मीं ओरडलों, "अहो, तो भोंगा एकदांचा बंद करा! सकाळीं उठून मला मुलांच्या उत्तरपत्रिका तपासावयाच्या आहेत." ते बिचारे ओशाळून म्हणाले, "बरं, मास्तर." खालीं उतरून त्यांनीं गाडींतील एक बटण दाबलें व यंत्र निकामी करून ठेविलें. आळी शांत झाली.

त्यानंतर चौथ्या रात्रीं ती मोटार चोरीस गेली. भोंगा वाजला नाहीं, वाजणार कसा? पोलिसांत वर्दी दिली, परंतु गाडी मिळाली नाहीं. विमा होता, पण तो तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता. दोन वर्षें ते दुसऱ्याची गाडी चालवीत होते आणि नसलेल्या गाडीचे हप्ते भरीत होते.

पुढें मोटारींचें विजेचें काम करणाऱ्या एका वृद्ध कारागिरास मीं ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "यंत्र बंद करावयाची गरजच नव्हती. त्यांत एक बारीक स्क्रू असतो. तो पाव फेरा फिरविला असता, तर फटाक्यानें वाजलें नसतें, आणि चोरानें दाराला हात घालतांच वाजलें असतें." हे शब्द माझ्या मनास लागले. तो स्क्रू काय करतो, हें मला त्या रात्रीं ठाऊक असतें, तर खिडकींतून ओरडण्याऐवजीं मीं खालीं उतरून जाऊं शकलों असतों. म्हणून या यंत्राची रचना समजून घेतली, आणि ती तुम्हांस व तुमच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगत आहें.

यंत्राचीं चार अंगें

पूर्वीं आपल्या खेडेगांवांत रात्रीं पहारा करणारा जागल्या असे. वेळ पडल्यास तो चोराशीं दोन हात करी. पण त्याचें खरें काम हांक मारून गांव जागा करणें हें होतें. त्यास चार गोष्टी लागत. अंधारांत चाहूल घेणारे डोळे आणि कान. आलेला माणूस चोर कीं वाटसरू हें ठरविणारी बुद्धि. मोठ्यानें हांक मारणारा कंठ. आणि पाटलाचा शब्द कोणता, परक्याचा कोणता, हें ओळखण्याची खूण. मोटारींतील यंत्रासहि हींच चार अंगें असतात. चाहूल घेणाऱ्या भागांस सेन्सर म्हणतात. बुद्धीचें काम एका लहानशा पेटींतील विद्युत्‌मंडल करतें. कंठ म्हणजे भोंगा. आणि धन्याची खूण म्हणजे हातांतील रिमोट किंवा किल्ली. या सर्वांस लागणारी वीज मोटारीच्या १२ व्होल्टांच्या बॅटरींतून मिळते.

येथें एक लहानसें गणित करूं या. पहारा करीत असतां असें एखादें यंत्र २० मिलिअँपिअर प्रवाह घेतें असें धरा, आणि बॅटरीची शक्ति ४५ अँपिअर-तास आहे असें माना. ४५ अँपिअर-तास म्हणजे ४५,००० मिलिअँपिअर-तास. त्यांस २० नीं भागल्यास २,२५० तास, म्हणजे सुमारें ९४ दिवस येतात. प्रत्यक्षांत बॅटरी आपोआपहि थोडी थोडी रिती होत असते, म्हणून इतके दिवस ती पुरत नाहीं. सुट्टींत महिनोगणती गाडी उभी ठेवून परगांवीं गेलेल्या माणसाची गाडी परत आल्यावर कां सुरू होत नाहीं, याचें एक कारण यावरून तुमच्या ध्यानांत येईल.

दाराची कळ

सर्वांत साधा सेन्सर म्हणजे दाराच्या चौकटींत बसविलेलें दाबाचें बटण. दार लागलें कीं तें दाबलें जातें; दार उघडलें कीं तें बाहेर येतें. दार उघडतांच मोटारींत दिवा लागतो, तो याच बटणानें. हीच बातमी यंत्राच्या पेटीकडेहि जाते. असेंच एक बटण पुढील झांकणाखालीं व एक मागील झांकणाखालीं असतें.

आतां तुमच्यापैकीं चौकस मुलगा विचारील, "चोरानें तारच कापली तर?" प्रश्न उत्तम आहे, आणि त्याचें उत्तर घरीं प्रयोग करून मिळवितां येतें. दीड व्होल्टाचे चार सुके घट एकापुढें एक जोडून सहा व्होल्टांची बॅटरी करावी. सहा व्होल्टांचा एक रिले आणि एक लहान बझर आणावा. रिले म्हणजे तारेचें वेटोळें असलेली एक कळ. वेटोळ्यांतून प्रवाह वाहूं लागला कीं तें लोहचुंबक बनतें आणि कळीची पट्टी आपल्याकडे ओढून घेतें. बॅटरीच्या एका टोकापासून एक लांब, बारीक तार घेऊन ती खिडकी-दारांवरून फिरवावी, मग रिलेच्या वेटोळ्यांतून नेऊन बॅटरीच्या दुसऱ्या टोकास जोडावी. बझर मात्र रिलेच्या अशा टोकांस जोडावा, कीं पट्टी ओढलेली असतां त्याचा मार्ग तुटलेला राहील. आतां तार अखंड असेपर्यंत बझर मुका राहतो. तार कोठेंहि तुटली, कीं वेटोळ्याची चुंबकशक्ति नाहींशी होते, पट्टी मागें येते आणि बझर वाजूं लागतो. तो गप्प करण्यासाठीं तार कापणारा चोर स्वतःच्याच हातानें त्याला बोलावयास लावतो.

याला बंद मंडलाची रीत म्हणतात. हिच्यांतील तत्त्व मोठें मोलाचें आहे. 'संकट आलें' असें कळविणारी खूण चोरास दाबून टाकतां येते. पण 'सर्व ठीक आहे' अशी खूण सतत येत असावी आणि ती थांबणें हेंच संकट मानावें, अशी योजना केली, म्हणजे चोराची अडचण होते. चांगल्या प्रतीच्या भोंग्यांत याच तत्त्वाचा उपयोग केलेला असतो, तो पुढें येईलच.

हादऱ्याची परीक्षा

चोर दार न उघडतां कांच फोडूं शकतो किंवा कुलुपांत पहार घालूं शकतो. म्हणून हादरा ओळखणारा सेन्सर लागतो. त्याचे दोन प्रकार प्रचारांत आहेत. पहिल्यांत एक लहानसा लोहचुंबक लवचीक आधारावर टांगून त्याच्या जवळ तारेचें वेटोळें ठेवलेलें असतें. गाडी हादरली कीं चुंबक डोलतो, आणि वेटोळ्यांत क्षणभर वीज उत्पन्न होते. चुंबक हलल्यानें तारेंत वीज उत्पन्न होते, हें फॅरेडेनें १८३१ सालीं दाखविलें. तेंच हें तत्त्व. दुसऱ्या प्रकारांत चुंबक नसतो. त्याऐवजीं एक विशिष्ट स्फटिक किंवा चिनी मातीसारख्या पदार्थाची चकती असते. कित्येक स्फटिकांवर दाब पडला असतां त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युद्भार प्रकट होतो, हा शोध झाक व पिएर क्यूरी या फ्रेंच बंधूंनीं १८८० सालीं लावला.

कोणत्याहि रीतीनें हादऱ्याचें रूपांतर विजेंत झालें, कीं मोठा हादरा म्हणजे मोठा विद्युद्दाब व लहान हादरा म्हणजे लहान विद्युद्दाब, असें प्रमाण मिळतें. पुढें यंत्रानें एवढेंच पाहावयाचें, कीं हा दाब ठरविलेल्या मर्यादेच्या वर गेला कीं नाहीं. ती मर्यादा ठरविणारा जो भाग, तोच आमच्या वृद्ध कारागिराचा बारीक स्क्रू. तो एका बाजूस फिरविला असतां यंत्र इतकें हळवें होतें, कीं पावसाच्या सरीनेंहि दचकतें. दुसऱ्या बाजूस फिरविला असतां इतकें बधिर होतें, कीं कांच फुटली तरी हूं कीं चूं करीत नाहीं. योग्य जागा या दोहोंच्या मध्यें असते, आणि ती प्रत्येक गाडीस निराळी असते. म्हणून ती प्रत्यक्ष परीक्षा करूनच शोधावी लागते.

पुष्कळ यंत्रांत अशा दोन मर्यादा असतात. हादरा पहिलीच्या वर पण दुसरीच्या खालीं असेल, तर यंत्र केवळ दोन-चार वेळां टिवटिव करून इशारा देतें. टेकून उभा राहिलेला वाटसरू त्यानें बाजूस होतो. हादरा दुसरीच्याहि वर गेला, तरच पूर्ण गजर होतो. शहाणा जागल्या प्रथम "कोण आहे?" असें विचारतो आणि मगच गांव गोळा करतो, तसेंच हें आहे.

चाकें काढून नेण्यासाठीं किंवा सबंध गाडीच ओढून नेण्यासाठीं ती हलकेंच उचलणारेहि चोर असतात. त्यांच्यासाठीं गाडीचा कल ओळखणारा सेन्सर असतो. जुन्या यंत्रांत कांचेच्या नळींत पाऱ्याचा थेंब ठेवीत. गाडी कलली कीं थेंब घरंगळून दोन तारांची टोकें जोडी. आतां हें काम तांदळाच्या कांहीं दाण्यांएवढी सिलिकॉनची चकती करते.

ऐकूं न येणारा आवाज

आतां गाडीच्या आंतील पहारा पाहूं. कित्येक गाड्यांत छपराजवळ दोन लहान जाळीदार छिद्रें असतात. एकांतून ध्वनि बाहेर पडतो, दुसऱ्यांत परत येतो. पण तो आपणांस ऐकूं येत नाहीं. मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनि कळतो, आणि हा ध्वनि सुमारें ४०,००० कंपनांचा असतो. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर आहे. त्यास ४०,००० नीं भागलें, म्हणजे या ध्वनीच्या लहरीची लांबी साडेआठ मिलिमीटर येते.

गाडीच्या आंत सर्व स्थिर असतां परत येणाऱ्या लहरींत कांहीं फरक पडत नाहीं. पण कोणी आंत हात घातला, तर हलत्या हातावरून परतणाऱ्या लहरींची कंपनसंख्या बदलते. आगगाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हां शिटीचा स्वर चढा वाटतो व दूर जातांना उतरतो, हें तुम्हीं अनुभविलें असेल. याची उपपत्ति डॉप्लर या ऑस्ट्रियन पंडितानें १८४२ सालीं मांडली. हात सेकंदास एक मीटर वेगानें हलला, तर ४०,००० कंपनांत सुमारें २३५ कंपनांचा फरक पडतो. आणि तेवढा फरक यंत्रास सहज कळतो.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट शिकावी. असें यंत्र असलेल्या गाडीची खिडकी थोडी उघडी ठेवली, किंवा आंत आरशास झुलती माळ टांगली, तर वाऱ्यानेंहि भोंगा वाजेल. त्या वेळीं दोष यंत्राचा नसून धन्याचा असतो. मूल किंवा कुत्रें आंत ठेवून गाडी बंद करणें तर सर्वथा अनुचित होय. भोंगा वाजेल ही त्यांतली लहान बाब; उन्हांत बंद गाडी थोड्याच मिनिटांत भट्टीसारखी तापते आणि आंतल्या जिवाचा प्राण जाऊं शकतो.

बुद्धि आणि कंठ

सर्व सेन्सरांच्या बातम्या पेटींतील मंडलाकडे येतात. गाडीस कुलूप लागल्यावर कांहीं सेकंद तें वाट पाहतें. दारें नीट लागलीं कीं नाहीं हें पडताळतें. मग पहारा सुरू करतें. पुढील बाजूस लुकलुकणारा लहान तांबडा दिवा ही त्याची खूण. चोरास 'येथें पहारा आहे' हें आधींच कळावें, हाच त्या दिव्याचा उद्देश असतो, कारण टळलेली चोरी ही पकडलेल्या चोरीहून बरी.

बातमी खरी ठरली, कीं भोंगा वाजतो, गाडीचे दिवे उघडझांप करूं लागतात, आणि कित्येक गाड्यांत इंजिनाचा मार्गहि तोडला जातो. भोंग्याचा आवाज १०० डेसिबलहून अधिक असतो. तो अखंड वाजत राहूं नये म्हणून युरोपांतील नियमांप्रमाणें एका वेळचा गजर २५ ते ३० सेकंदांचा ठेवितात. नंतर यंत्र पुन्हां पहाऱ्यावर उभें राहतें.

चोराची जुनी युक्ति अशी, कीं पुढील झांकण उचकटून प्रथम बॅटरीची तार तोडावयाची, म्हणजे बुद्धि आणि कंठ दोन्ही गारद. हिच्यावर तोड म्हणून चांगल्या भोंग्याच्या पोटांतच एक लहान बॅटरी ठेवलेली असते. मोठ्या बॅटरीची वीज येत आहे तोंवर तो गप्प असतो. ती अकस्मात थांबली, कीं स्वतःच्या बॅटरीवर ओरडूं लागतो. आपल्या प्रयोगांतील बझरप्रमाणेंच हा होय.

धन्याची खूण

आतां चौथें अंग. रिमोटचें बटण दाबलें, कीं त्यांतून रेडिओलहरी निघतात. आपल्याकडील पुष्कळ रिमोटांत त्यांची कंपनसंख्या सेकंदास ४३.३९२ कोटींच्या जवळपास, म्हणजे सुमारें ४३४ मेगाहर्ट्झ असते. त्या लहरींवर स्वार होऊन एक गुप्त आंकडा गाडीकडे जातो. आरंभींच्या रिमोटांत हा आंकडा ठरलेला असे. त्यामुळें जवळ लपलेल्या चोरानें तो एकदां टिपून घेतला, कीं मागाहून तोच पाठवून तो गाडी उघडी. पोपटानें धन्याचा शब्द शिकावा आणि कुत्र्यास हांक मारावी, तसाच हा प्रकार.

यावर उपाय निघाला तो असा, कीं दर वेळीं आंकडा बदलावा. पण बदललेला आंकडा गाडीनें ओळखावा कसा? समजा, रिमोट आणि गाडी या दोघांसच एक गुप्त नियम ठाऊक आहे: क्रमांकास ३७ नीं गुणा, ११ मिळवा, आणि येणाऱ्या संख्येचे शेवटचे दोन अंक पाठवा. पांचव्या वेळीं ५ × ३७ + ११ = १९६, म्हणून ९६ हा संदेश जाईल. सहाव्या वेळीं २३३, म्हणून ३३; सातव्या वेळीं २७०, म्हणून ७०. चोरानें ९६ टिपला आणि नंतर पाठविला, तरी गाडीचा क्रमांक तोंवर पुढें गेलेला असल्यामुळें ती त्यास दाद देत नाहीं. आणि नियम ठाऊक नसल्यामुळें ९६ वरून ३३ चोरास काढतां येत नाहीं.

खऱ्या यंत्रांतील नियम याहून अत्यंत बिकट असतो. संदेश ३२ द्विमान अंकांचा असेल, तर त्याचे ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळे प्रकार संभवतात. तुम्हीं खिशांत किल्लीशीं खेळतां खेळतां बटण चार वेळां दाबलें, तर रिमोट चार क्रमांक पुढें जातो आणि गाडी मागें राहते. म्हणून गाडी केवळ पुढचाच नव्हे, तर पुढील कांहीं ठराविक क्रमांक पडताळून पाहते आणि जुळला तर तेथवर स्वतःस पुढें नेते. मागें मात्र ती कधींहि जात नाहीं.

इंजिनाचें कुलूप

आतांपर्यंतची सर्व योजना हांक मारण्याची झाली. परंतु हांक कोणीच ऐकली नाहीं तर काय? या विचारांतून इमोबिलायझर, म्हणजे इंजिन अडवून धरणारें यंत्र, निघालें. हें ओरडत नाहीं. चोर गाडींत बसला, तरी इंजिन सुरूच होऊं देत नाहीं.

याचें एक प्रसिद्ध आरंभींचें उदाहरण १९८६ सालच्या अमेरिकन कॉर्व्हेट गाडीचें. तिच्या किल्लींत एक विद्युत्-रोधक बसविलेला असे, आणि त्याचे १५ प्रकार होते. किल्लीचे दांते जुळले तरी रोध जुळला नाहीं, तर इंजिन सुरू होत नसे. शिवाय चुकीची किल्ली लावल्यास कांहीं मिनिटें थांबावें लागे, म्हणजे १५ किल्ल्या भराभर लावून पाहण्याची सोय चोरास राहिली नाहीं.

हल्लींच्या किल्लीच्या मुठींत ट्रान्सपाँडर नांवाची लहानशी चकती असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. कुलुपाभोंवतीं तारेचें वेटोळें असतें; त्यांतून सेकंदास सुमारें १,२५,००० कंपनांचा प्रवाह खेळविला जातो, आणि फॅरेडेच्याच नियमानें चकतींतील वेटोळ्यांत वीज उत्पन्न होऊन ती जागी होते. मग गाडी तिला एक यदृच्छेनें निवडलेली संख्या विचारते, चकती गुप्त नियमानें तिचें उत्तर देते, आणि उत्तर बरोबर असेल तरच इंजिनास इंधन व ठिणगी मिळते. प्रश्न दर वेळीं नवा असल्यामुळें जुनें उत्तर चोरून ठेवण्यांत अर्थ नसतो.

याचा परिणाम काय झाला, हें पाहण्याजोगें आहे. १९९८ सालीं युरोपीय संघानें नव्या मोटारींत हें यंत्र सक्तीचें केलें. हॉलंडमधील चोऱ्यांचा अभ्यास करून दोन अर्थशास्त्रज्ञांनीं असा निष्कर्ष काढला, कीं १९९५ ते २००८ या काळांत या यंत्रामुळें तेथील मोटारींच्या चोऱ्या सरासरीनें सुमारें ४० टक्क्यांनीं कमी झाल्या. उलट अमेरिकेंत दोन प्रसिद्ध कोरियन कंपन्यांनीं २०११ ते २०२१ या काळांतील पुष्कळ गाड्यांत हें यंत्र बसविलें नव्हतें. ही गोष्ट व चोरीची रीत २०२१ च्या सुमारास चित्रफितींतून पसरली, आणि त्या गाड्यांच्या चोऱ्यांस तेथें ऊत आला. चोरणारांत कित्येक तुमच्याच वयाचे होते, हें लिहितांना वाईट वाटतें.

चोराची नवी युक्ति

विज्ञानाचा दिवा धन्यासाठीं लागतो, तसाच चोरासाठींहि लागतो. कांहीं गाड्या किल्ली खिशांत असली, तरी जवळ जातांच उघडतात. येथें गाडी कमी शक्तीच्या लहरींनीं किल्लीस साद घालते, आणि उत्तर आलें म्हणजे धनी जवळच आहे असें समजते. २०११ सालीं झुरिक येथील संशोधकांनीं १० प्रकारच्या गाड्यांवर प्रयोग करून दाखविलें, कीं एक मनुष्य गाडीजवळ व दुसरा किल्लीजवळ उभा राहून दोघांनीं लहरी पुढें पोंचविल्या, तर घरांत असलेली किल्ली गाडीस आपल्या शेजारीं वाटते. गुप्त नियम फोडावाच लागत नाहीं. नुसता निरोप्या पुरतो.

यावर साधा उपाय म्हणजे घरीं आल्यावर किल्ली झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावी. डब्यांतून लहरी बाहेर जात नाहींत ना, हें डबा गाडीपाशीं नेऊन व दार उघडतें कीं नाहीं हें पाहून ठरवावें. नव्या कांहीं गाड्यांत याहून सूक्ष्म उपाय योजिला आहे: उत्तर येण्यास किती वेळ लागला, हें गाडी मोजते. रेडिओलहर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागांत सुमारें ३० सेंटिमीटर जाते. म्हणून उत्तरास थोडा जरी उशीर झाला, तरी किल्ली दूर आहे हें गाडीस कळतें.

ऐकणारांचें कर्तव्य

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्ही लहानपणीं ऐकली आहे. तींतील मुलगा खोटें बोलत होता. हळव्या यंत्राचा भोंगा खोटें बोलत नाहीं. तो प्रत्येक हादरा प्रामाणिकपणें कळवितो. पण ऐकणारांवर परिणाम तोच होतो. दहा वेळां विनाकारण वाजलेला भोंगा अकराव्या वेळीं कोणी ऐकत नाहीं. आणि ज्या शहरांत भोंग्याकडे कोणी पाहतच नाहीं, तेथें चोरास भोंग्याचें भय कसलें?

म्हणून दोन्ही बाजूंचीं कर्तव्यें ध्यानांत ठेवावीं. ज्याची गाडी आहे, त्यानें यंत्र बसविल्यावर स्वतः परीक्षा करावी: पंजानें टपावर हलकेंच थोपटावें, मग मुठीनें दारावर ठोकावें, आणि पहिल्यानें गजर होऊं नये, दुसऱ्यानें व्हावा, असा स्क्रू लावावा. खिडक्या पूर्ण लावाव्या. भोंग्याच्या बॅटरीची वर्षांतून एकदां तपासणी करवावी. आणि ज्याच्या कानावर भोंगा पडतो, त्यानें शिव्याशाप देण्यापूर्वीं एकदां खिडकींतून पाहावें. संशय वाटल्यास चोराच्या अंगावर धांवून न जातां ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावें. भोंगा वरचेवर वाजत असेल, तर 'बंद करा' म्हणण्यापेक्षां 'नीट करून घेऊं' असें म्हणावें.

गेल्या वर्षीं आमच्या शेजाऱ्यांनीं पुन्हां स्वतःची गाडी घेतली. यंत्र बसविल्यावर मीं आपण होऊन खालीं गेलों. ते आंत बसून स्क्रू फिरवीत होते आणि मी बाहेरून थोपटीत व ठोकीत होतों. तासाभरानें बरोबर जागा सांपडली. परवां मध्यरात्रीं भोंगा वाजला. मी उठून खिडकींत गेलों. टपावर नारळाची एक भली मोठी झांवळी पडली होती. समोरच्या खिडकींत ते उभे होते, आणि आळींतील आणखी दोन-तीन खिडक्यांत दिवे लागले होते. "झांवळी आहे, मास्तर. झोपा आतां," ते म्हणाले.

सकाळीं उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्याच. पण त्या रात्रीं झोपमोडीचें मला कांहींच वाटलें नाहीं.